दत्तूच्या खुनाची साक्ष: सोलापूरचे तीन दिवस

सोलापूर काही परमुलूख नव्हे. आपल्या गावातली निम्मी माणसं तिथं राबून आलीत. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं तिथं चादरी विणल्या. तरी शाळेचे गुरुजी म्हणाले, "मारुतीबापू, ह्या खेपेला तुम्ही जे सोलापूर बघून आलात, ते आमच्यातल्या कुणी बघितलेलं नाही. वाचनालयाच्या अंकासाठी लिहून द्या." मी चौथी शिकलेला माणूस. गोडगोड लिहिणं मला जमत नाही. जसं झालं तसं लिहितो. कुठं कुठं मला स्वतःलाच कळत नाही की हे झालं का मी झोपेत बघितलं. तिथं तसं सांगेन.

आधी काम काय होतं ते सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कुणी विचारायला नको. माझा एकुलता एक मुलगा दत्तू. बोटीवर भांडी घासायला म्हणून मुंबईहून गेला आणि एका थंड मुलखातल्या बंदरावर उतरून तिथल्या हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला लागला. दोन वर्षांपूर्वी कामावरून चालत घरी येताना दोन माणसं मोटारीतून उतरली आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. ते चोर नव्हते, दारुडे नव्हते. त्यांना एका तिसऱ्याच देशाच्या सरकारनं धाडलं होतं. त्या सरकारचा एक वैरी पळून येऊन त्याच गावात राहत होता, त्याला मारायला. तो वैरी सावळा होता, मिशा ठेवायचा. दत्तूही सावळा होता, मिशा ठेवायचा. एवढंच.

गोळ्या घालणारे पळाले. त्यांना मोटार आणि खोली भाड्यानं घेऊन देणारे दोघे सापडले. त्यांच्यावर तिथल्या कोर्टात खटला उभा राहिला. देशांची नावं मी लिहीत नाही. मला ती नीट म्हणता येत नाहीत, आणि ज्याचं नाव नीट म्हणता येत नाही त्याला शिवीही नीट देता येत नाही.

आता त्या दोघांचा वकील म्हणायला लागला की मेलेला माणूस सोलापूरचा दत्तू नव्हताच. पासपोर्ट विकत घेतलेला होता, माणूस त्या वैऱ्याचाच साथीदार होता. म्हणून तिथल्या कोर्टानं दिल्लीला लिहिलं, दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं सोलापूरला, की आईबापाची साक्ष घेऊन पाठवा. समन्सवर दोघांची नावं होती, माझं आणि दत्तूच्या आईचं. ती त्याच्या आधीच्याच श्रावणात गेली होती. पोलीसपाटलानं एकच सही घेतली.

माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. दत्तू हा दत्तूच होता हे सांगायचं. आणि त्या कागदावर हेही चढवायचं की मोटार देणारे धरलेत, मग धाडणारं सरकार कुठं आहे?

सोमवार, एसटीत

माळशिरसला खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या जागेवर मी गठुडं ठेवलं. वेळापूरला गर्दी चढली तसा कंडक्टर आला.

"बाबा, गठुडं खाली घ्या की. गठुड्यानं तिकीट काढलंय व्हय?"

"बायकोची जागा हाय."

"कुटंयत त्या?"

"मेली."

कंडक्टर तिकिटं फाडत पुढच्या सीटकडं गेला. पुढं मोहोळपर्यंत एक माणूस माझ्याजवळ उभा राहून आला, पण बस म्हणून त्यानंही म्हटलं नाही आणि मीही नाही. हे चुकलं माझं. म्हातारा माणूस होता, माझ्याच वयाचा.

चैत्राचं ऊन होतं. ज्वारी काढून झालेली, रानं उघडी पडलेली, आणि लांब रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. गाडी जवळ गेली की ते पाणी पुढं सरकायचं. खिडकीच्या काचेत मला ती दिसली. पदर डोक्यावर, तोंडात सुपारी. मी म्हटलं, "आली का?" तर म्हणाली, "तुमाला एकट्याला बोलता येतंय व्हय कोर्टात? शिव्या देऊन बसशीला." मी म्हटलं, "न्हाय देत." मग कुणीतरी खोकलं आणि काचेत नुसती बाभळ राहिली.

सोलापूरला उतरलो तेव्हा माझ्या पायात एकच चप्पल होती. दुसरी सीटखाली राहिली आणि गाडी आगारात गेली. अठ्ठावीस वर्षं ज्या गावात राबलो त्या गावात एका पायानं पोळत शिरलो. स्टँडबाहेर टांगेवाला हसला. "चाचा, एक पैर का किराया लूं क्या?" मी म्हटलं, अर्धंच घे. त्यानं खरंच थोडं कमी घेतलं.

साखर पेठ

मुक्काम नरसय्याकडं केला. नरसय्या तेलुगू विणकरांपैकी. आम्ही एकाच कारखान्यात होतो; मी मागावर, तो नक्षीच्या पुठ्ठ्यावर. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवरचा मोर विणकर काढत नाही. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जिथं भोक, तिथला दोरा वर उठतो. नसेल तर खाली राहतो. विणणारा नुसता आडव्या दोऱ्याचा धोटा इकडून तिकडं मारतो. खाली माणूस कुठलाही बसवा, वर माळ ज्याची, मोर त्याचा. नरसय्या ती भोकं पाडायचा.

दारात पोचलो. आत दोन माग चालू होते. सगळी पेठच खटखटत असते. भिंतीला पाठ लावली की आपल्या छातीतलं कुठलं आणि मागाचं कुठलं कळत नाही. गावाकडं आल्यापासून चार वर्षं मला नीट झोप नव्हती. का, ते तिथं उभं राहिल्यावर कळलं.

"आलास?" नरसय्या म्हणाला. "मला वाटलं तू बी मेलास."

"अजून न्हाय."

"एक चप्पल कुटं टाकलास रे?"

"एसटीला दान दिली."

त्याची बायको लक्ष्मम्मा बाहेर आली. आपल्या गावात दुःखाच्या घरचा माणूस आला की बायका दारातच गळा काढतात, मग पाणी देतात. तिच्या घरात तसं नाही. तिनं तांब्या दिला, माझ्याकडं बघितलं, आणि चरखा माझ्यासमोर सरकवला. "अन्ना, कांडी भरतोस का? बोलत बोलत भर." त्या घरात रिकाम्या हातानं कुणी बोलत नाही. मी दोरा लावला. चाक फिरायला लागलं आणि दत्तूची सगळी गोष्ट मी चाकाकडं बघत सांगितली. तीन कांड्या भरल्या तेवढ्यात. गावात दोन वर्षांत सांगता आली नव्हती.

लक्ष्मम्मानं एवढंच विचारलं, "लेकराला तिथं थंडी वाजायची का?"

"लई. लिवायचा तसं."

जेवायला भात, चिंचेचं सार आणि लसूण घातलेली अंबाडी. आपल्याकडं भाकरी आधी आणि भात शेवटी मूठभर, तोंड पुसल्यासारखा. त्यांच्याकडं सगळं जेवणच भाताचं. सार एवढं तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. नरसय्या म्हणाला, "रड रड. साराचं नाव सांग."

जेवताना मी त्याला मनातलं सांगितलं, की सरकारला कोर्टात ओढायचं आहे.

"सरकारला?" तो बोटं चाटत म्हणाला. "पिंजरा केवडा करशील?"

"चेष्टा करू नगं."

"चेष्टा न्हाय रे. सरकार म्हंजे कोण? दिसतंय का? हात हाय का त्याला बेडी घालायला?"

"धाडणाऱ्याला तोंड तर असंल की. 'जा' म्हणाला असंल कुणीतरी."

नरसय्यानं ताटातला भात कालवला. मग म्हणाला, "ते खरं हाय. 'जा' म्हणाला असंल कुणीतरी."

दुपारी मागाच्या आवाजात झोपलो. एक मोठी शेड दिसली, आपल्या रानाएवढी. शेकडो माग चालू होते आणि एकाही मागावर माणूस नव्हता. वर पुठ्ठे फिरत होते, खाली चादर आपोआप उतरत होती. मी एकेका मागाजवळ जाऊन विचारत होतो, कुणाचा माग हा, कुणाचा? घामानं भिजून उठलो तर लक्ष्मम्मा पंख्यानं वारा घालत होती.

मंगळवार, चुकीची खोली

नरसय्याच्या चपला घालून कोर्टात गेलो. एक बोट बाहेर राहत होतं. कोर्टाचा व्हरांडा म्हणजे आपला आठवडी बाजारच. चहावाले, टाइप करणारे, झाडाखाली भाकरी सोडून बसलेली माणसं. आणि सगळे वर बघत बसलेले, खोलीच्या दाराकडं, पाऊस कुठून येईल तसं.

एका दारातून शिपायानं पुकारा केला, "मारुती बापू हाजीर हाय का?" मी आत गेलो. पिंजऱ्यात उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "म्हैस तुमची का भावाची?"

मला वाटलं, दत्तूच्या खटल्यात म्हैस कुठून आली? पण परदेशी कोर्ट, असेल काही कायदा. मी म्हटलं, "म्हैस आमच्यात नव्हतीच, साहेब. दोन शेळ्या होत्या."

मागून एक गडी ओरडला, "खोटं बोलतोय! हा माझा भाऊच न्हाय!" सगळी खोली हसली. साहेबांनी कागद बघितला. गाव कुठलं, बापाचं नाव काय, वय काय. दोन मिनिटांत कळलं की मारुती बापू दुसरा, करमाळ्याकडचा, बाहेर चहा पीत बसला होता. साहेब म्हणाले, "बाबा, तुम्ही तो नव्हे. जा, तुमची खोली वरच्या मजल्यावर."

जिना चढताना मधल्या पायरीवर मला बसावं लागलं. दोन मिनिटं. गाव कुठलं, बापाचं नाव काय. दत्तूला एवढं कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. त्याला तिथली भाषा येत होती.

वर सरकारी वकील भेटले. तरुण होते, पायात चकचकीत बूट, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं.

"बाबा, चौदा प्रश्न तिकडून लिहून आलेत. साहेब तेवढेच विचारणार. तुम्ही विचारलं तेवढंच बोला."

"आनि धाडणारं सरकार?"

"ते ह्या खटल्यात नाही."

"का?"

"एका देशाच्या कोर्टात दुसऱ्या देशाचं सरकार आरोपी म्हणून उभं करता येत नाही. सगळे देश एकमेकांना तेवढं मानतात."

"मग कुटं करता येतंय?"

"सगळ्या देशांचं मिळून एक मोठं कोर्ट आहे, परदेशात. पण तिथं तुम्हाला जाता येत नाही, मलाही नाही. फक्त सरकारांना जाता येतं. म्हणजे तुमच्या वतीनं दिल्लीनं जायचं. आणि तेही समोरच्या सरकारनं त्या कोर्टाला हो म्हटलं असेल तरच."

"म्हंजे ज्यानं मारलं त्यानंच हो म्हणायचं?"

"तसंच काहीसं."

"आमच्यात पंचाईत कदी भरवू म्हणून चोराला इचारत न्हाईत."

वकील हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "दिल्लीनं त्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, की घडलं ते दुःखद आहे, पण आमचा त्याच्याशी संबंध नाही."

"संबंध न्हाय, तर दुःख कशाचं झालं त्यास्नी?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि फाइलीची दोरी बांधायला घेतली. कायदा शिकलेल्या माणसाला दोरीशी खेळताना बघून मला वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

चादर

दुपारी साक्ष सुरू झाली. न्यायाधीश साहेब पन्नाशीचे, हळू बोलणारे. वर पंखा एवढा संथ फिरत होता की पाती मोजता येत होती. टाइप करणारा गृहस्थ बोटं मशिनवर ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसला. शपथ घेतली. नाव, गाव, धंदा. मग साहेबांनी एक फोटो माझ्यापुढं ठेवला.

दत्तू आडवा होता. तोंड थोडं उघडं. लहानपणी मागाखाली झोपायचा तसाच, एक हात डोक्याशी. खोलीतलं सगळं लांब गेलं. पंख्याचा आवाज मागासारखा झाला आणि मला वाटलं, आता त्याची आई म्हणेल, उचला त्याला, दोरा लागंल पोराला. मी हात पुढं केला. हाताला गुळगुळीत कागद लागला.

"बाबा, पाणी हवं का?" साहेब म्हणाले.

"नगं. हा माझा दत्तू."

मग शिपायानं तिकडच्या कोर्टानं धाडलेलं, लाखेचं शिक्कामोर्तब केलेलं पुडकं आणलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर फोडलं. आत चादर होती. तो गेला त्या दिवशी त्यानं अंगावर गुंडाळलेली. निळ्यावर पांढरे मोर. मध्ये भोकं होती आणि भोकांच्या कडेनं ती घट्ट झाली होती, खळ घातल्यासारखी.

"ही वस्तू ओळखता का?"

"व्हय. मी विणलेली."

"सोलापुरात अशा हजारो चादरी होतात. ही तुमचीच कशावरून?"

हा चौदातला दहावा प्रश्न होता. मी चादर उलगडली. भोकांकडं बघितलं नाही. मोराची मान शोधली आणि बोट ठेवलं. "हितं बघा, साहेब. पांढऱ्या मानेत एक निळा ठिपका हाय. प्रत्येक मोराच्या मानेत. आता उलटी करा. उलट्या अंगाला तोच ठिपका पांढरा. पुठ्ठ्यात एक भोक जादा पडलं होतं. त्या पुठ्ठ्यावर फकस्त माझाच माग चालत होता, आठ दिवस. मग भोक बुजवलं."

साहेबांनी चादर उलटीसुलटी करून बघितली. "म्हणजे विणताना तुमची चूक झाली?"

"न्हाय, साहेब. मालक बी हेच म्हणाला होता. माझा माग काढून घ्यायला निघाला. तवा पुठ्ठे ठोकणारा नरसय्या सगळ्यांसमोर आला नि म्हणाला, 'मारुतीचा हात हाय, पण भोक माझं हाय. त्याला काय बोलू नका, मला बोला.' ती माणसाची रीत हाय. आता ज्यांनी दत्तूला मारलं त्यांचं भोक कुणी पाडलं? तो पुढं का येत न्हाय? तुमी खालचे दोन धोटेवाले धरलेत. माळ कुणाची हाय?"

सरकारी वकील उठले. "साहेब, हे प्रश्नाच्या बाहेर जातंय."

साहेबांनी मोराच्या मानेतला ठिपका पुन्हा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "वस्तू ओळखली कशी, असं विचारलंय. तो चूक कुणाची ते सांगून ओळख पटवतोय. साक्षीदाराच्या शब्दांत लिहा." टाइप करणाऱ्यानं विचारलं, "माळ पण लिहू?" साहेब म्हणाले, "माळ पण."

मशिन खटखटलं. मला बरं वाटलं. उरलेले चार प्रश्न कसे गेले आठवत नाही.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर

संध्याकाळी तळ्याच्या काठी जाऊन बसलो. पाणी उतरलेलं होतं, देऊळ पाण्यात उलटं दिसत होतं, आणि ऊन कलताना सगळं पिवळं झालं. लग्न झाल्यावर तिला पहिल्यांदा इथंच आणलं होतं. ती म्हणाली होती, "एवडं पानी नि गावात एक घागर भरायला मारामारी." आम्ही शेंगदाणे खाल्ले होते.

काठावर माणसं येत होती, पाय धूत होती, जात होती. एक सावळा, मिशा असलेला गडी सायकल टेकवून पाण्यात उतरला. दत्तूच. मग आणखी एक आला, तोही दत्तूच. त्या पिवळ्या उजेडात निम्मं सोलापूर सावळं आणि मिशावालं होतं. मी बसल्या जागी विचार केला, ह्यातला तो दुसरा कुठला असेल? ज्याच्या वाट्याच्या गोळ्या दत्तूला लागल्या तो?

दत्तूची आई त्या दुसऱ्याला फार शिव्या द्यायची. देवापुढं बसून, की तो राहिला आणि माझा गेला. मीही देत होतो. त्या संध्याकाळी तो माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखा झाला. वळून बघितलं नाही. तो म्हणाला, मला कशाला शिव्या देता, मी काय त्यांना पत्ता दिला होता? मी म्हटलं, तू काय केलं होतंस पण? तो म्हणाला, केलं असेल काहीतरी. मग पाण्यात कुणीतरी उडी मारली आणि उलटं देऊळ फुटलं. पायऱ्यांवर मी एकटाच होतो, नरसय्याच्या चपला घालून.

बुधवार, सही

दुसऱ्या दिवशी साक्ष वाचून दाखवायची आणि सही घ्यायची, एवढंच काम होतं. टाइप करणाऱ्यानं वाचायला सुरुवात केली. मोर, ठिपका, भोक, माळ, सगळं होतं. शेवटच्या प्रश्नाला आला. "मयत हा माझा मुलगा होता. ज्याचा शोध चालला होता तो इसम माझा मुलगा नव्हे. माझ्या मुलाचा त्या इसमाशी किंवा कुठल्याही राजकारणाशी काही संबंध नव्हता."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे?"

खरं म्हणजे बरोबर होतं. शब्द माझेच होते. पण ऐकताना ते मला खटकलं. जणू मी म्हणत होतो की माणूस चुकला एवढंच चुकलं. नीट बघून योग्य माणसाला गोळ्या घातल्या असत्या तर मारुती बापूची काही तक्रार नव्हती.

"अर्धं बरोबर हाय," मी म्हटलं. "त्याच्यापुढं आनि लिवा, साहेब. माझा दत्तू तो नव्हता, पर तो असता तरी त्यास्नी मारायचा हक नव्हता."

सरकारी वकील उठले. "साहेब, हे मत झालं. साक्षीदारानं जे पाहिलं, जे माहीत आहे तेवढंच सांगायचं असतं."

"बाबा, ते म्हणतात ते खरं आहे," साहेब म्हणाले. "शिवाय काल तुम्ही हे बोलला नव्हतात. आज मला ते साक्षीत घुसवता येणार नाही."

"मग मी सही करनार न्हाय."

खोलीत कुजबुज झाली. वकील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाबा, विचार करा. सही नसेल तर ही साक्ष जाणार नाही. तिकडं तुमचा दत्तू खोट्या पासपोर्टचा माणूस म्हणून राहील. मारेकऱ्यांचे साथीदार सुटतील. तुम्हाला ते चालेल?"

मला ते चालणार नव्हतं. दोन वर्षं मी त्याच कागदाची वाट बघत होतो. दत्तूचं नाव त्या कागदावर होतं आणि पेन माझ्या हातात होतं. त्याच्या आईनं काय केलं असतं? तिनं सही केली असती. तिला लेक हवा होता, कायदा नको होता. मला हे माहीत होतं. तरी माझा हात खाली जाईना.

"चालनार न्हाय," मी म्हटलं. "पर माझ्या तोंडून अर्धंच गेलं तर उद्या दुसऱ्या कुणाला मारतील नि म्हणतील, ह्या खेपेला माणूस बरोबर होता. त्या कागदाला मी सही केलेली असंल."

वकील जागेवर जाऊन बसले. साहेबांनी आपलं पेन खाली ठेवलं, कपाटातून एक जाड पुस्तक काढायला सांगितलं. पानं उलटली. पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी पुकारा झाला. मी उभाच होतो, पायाला चपलेचा पट्टा लागत होता.

मग साहेब म्हणाले, "वाचून दाखवल्यावर साक्षीदारानं हरकत घेतली, तर साक्ष बदलता येत नाही. पण त्याची हरकत काय आहे, त्याचं टिपण साक्षीखाली न्यायाधीशानं लिहायचं असतं. कायद्यात तशी सोय आहे. ते टिपण साक्षीबरोबर जातं." त्यांनी वकिलांकडं बघितलं. "तुमचं काही म्हणणं?"

वकील उभे राहिले आणि म्हणाले, "नाही, साहेब."

टाइप करणाऱ्यानं मशिनवर हात ठेवले. साहेब म्हणाले, "नको, हे मी हातानं लिहितो." त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: "साक्षीदार हरकत घेतो की त्याचा मुलगा तो इसम नव्हता हे खरे, परंतु तो इसम असता तरी त्याला रस्त्यात ठार मारण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नव्हता."

"बरोबर आहे?"

"व्हय."

मी सही केली. मारुती बापू, मोडक्या अक्षरात. शिपायानं चादरीचं पुडकं पुन्हा बांधलं आणि लाख तापवली. लाखेचा वास देवळातल्या कापरासारखा लागला. ते पुडकं माझं नव्हतं आता, कोर्टाचं होतं. दत्तूही थोडा कोर्टाचाच झाला होता.

व्हरांड्यात वकिलांनी मला चहा पाजला. म्हणाले, "एक विचारू का, बाबा? त्या टिपणाचा तुमच्या मुलाला काही उपयोग नाही. ते कुणी वाचेल की नाही तेही सांगता येत नाही. मग कुणासाठी अडून बसलात?"

मी बशीत चहा ओतून घेतला. "त्या दुसऱ्यासाठी."

"तो तर तुमच्या मुलाच्या जिवावर जगतोय."

"तो न्हाय जगत कुणाच्या जिवावर. मारणाऱ्यांस्नी कुणी धाडलंच नसतं तर दोगं बी जगली असती."

आता सहा महिने झाले. तिकडच्या खटल्याचं काय झालं, अजून कळवलेलं नाही. धाडणारं सरकार आहे तिथं आहे. गुरुजी म्हणतात की तो दुसरा माणूस अजून जिवंत आहे, कुठल्यातरी तिसऱ्या गावी पळाला, असं पेपरात आलं होतं. राहू दे जिवंत. त्याला बाप असेल तर तोही म्हातारा असेल, आणि त्याच्यापुढं कुणी फोटो ठेवून विचारायला नको की हा तुमचाच का.